वेगळी वाटी

आमच्या साताऱ्याच्या घरात माजघराच्या भिंतीला एक कोनाडा होता. मुळात तो पणतीसाठी केलेला असावा. पण माझ्या आठवणीत त्या कोनाड्यात पणती कधी लागली नाही. तिथे एक पितळेचे ताट, एक वाटी, एक फुलपात्र आणि एक तांब्या एवढी भांडी असत. ती नेहमीच्या भांड्यांत कोणी मिसळीत नसे. ती घासायची राखसुद्धा वेगळी होती. ती माईआत्याची भांडी होती.

माईआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नाला तीन वर्षे होतात न होतात तोच तिला खोकला जडला, संध्याकाळचा ताप येऊ लागला, आणि एके दिवशी तिच्या पदराला लागलेले रक्त सासूने पाहिले. त्या काळी त्या रोगाचे नाव घेण्याचीही रीत नव्हती. 'तिला ते झालंय' एवढेच बायका म्हणत, आणि ऐकणारी नकळत पदर तोंडाला लावी. १९५२ साली तिला दक्षिणेकडच्या एका आरोग्यधामात ठेवले. तीन वर्षे ती तिथे उघड्या व्हरांड्यात लोखंडी खाटेवर पडून होती. छातीत सुईने हवा भरून आजारी फुफ्फुस निजवून ठेवायचे, स्ट्रेप्टोमायसिन टोचायचे, दूध-अंडी खायची आणि हलायचे नाही, असा तो उपचार. १९५५ च्या पावसाळ्यात ती बरी होऊन परत आली. बरी झाल्याचे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले होते. सासरच्यांनी तो कागद वाचलाच नाही. माहेरच्यांनी वाचला, आणि कोनाडा रिकामा करून दिला.

त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीची पहाट मला अजून लख्ख आठवते. मी नऊ वर्षांचा होतो. अभ्यंगस्नाने आटोपली होती, फराळाची ताटे मांडली होती. आत्या कोनाड्याखाली भिंतीला टेकून बसली होती; तिचे ताट आई जरा लांबूनच तिच्याकडे सरकवीत असे. मी जवळून चाललो तशी तिने हाक मारली.

"अरे, इकडे ये. ही घे. बघ कशी खुसखुशीत झालीय!"

तिने ताटातली करंजी उचलून माझ्या हातावर ठेवली. मी आईकडे पाहिले. आई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहात राहिली. मला कळायचे ते कळले. "मग खातो," म्हणून मी करंजी सदऱ्याच्या खिशात घातली, परसात गेलो, केळीच्या आळ्यात ती टाकली आणि पायाने वर माती ओढली. वळून पाहतो तो माजघराच्या खिडकीत आत्या उभी!

ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढे एकतीस वर्षांत कधी नाही. तिने माझा अभ्यास घेतला, माझ्या मुंजीत गाणी म्हटली, माझ्या लग्नात पाहुण्यांची अंथरुणे घातली. फक्त माझ्या हातावर तिने पुन्हा काही ठेवले नाही. द्यायची वस्तू ती खाली ठेवी, हात मागे घेई, आणि मग मी ती उचलून घेत असे. १९८६ साली ती गेली, तीही हृदयविकाराने. ताट आणि तांब्या मोडीत गेले. वाटी मात्र मी ठेवून घेतली. का, ते मला त्या वेळी सांगता आले नसते.

ही सारी हकीकत माझ्या मनात तळाशी बसून गेली होती. ती वर आली २०२५ च्या जानेवारीत.

माझी नात मनू पुण्याला आमच्याकडेच राहते, एका कचेरीत काम करते. तीन-चार आठवडे खोकत होती, वाळतही चालली होती. आजकालच्या मुली वाळतात, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. शेवटी तिचा बेडका तपासायला दिला. सकाळी दिला आणि दुपारी उत्तर हाती आले! रोग क्षयाचा; आणि रिफँपिसिन या मुख्य औषधाला तिच्या अंगातले जंतू दाद देत नाहीत, हेही त्याच कागदावर लिहिलेले. सून तो कागद घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला काहीतरी धीराचे बोलायचे होते. प्रत्यक्षात तोंडातून निघाले ते हे :

"ताट वेगळं काढ हो तिचं. वाटीसुद्धा."

सत्तर वर्षांत मी बी.एस्सी. झालो, तेहतीस वर्षे गणित शिकवले, पुस्तकांची कपाटे भरली. आणि वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून माझी आई बोलली.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. पस्तिशीच्या असतील. सुनेने ताटाचे विचारताच त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"आजोबा, हा रोग ताटावाटीतून जात नाही, हवेतून जातो. सुरुवातीचे काही दिवस तिला मास्क लावू द्या, निजायची खोली वेगळी ठेवा, घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या. खिडक्या सताड उघडा. पण वाटी राहू दे तिची तुमच्या वाट्यांत. आणि घरातून लांब ठेवून काही साधत नाही, हे तर मद्रासला १९५९ मध्येच कळलंय!"

१९५९! मी घरी येईपर्यंत मनाशी वजाबाकी करीत होतो. करंजी पुरल्याला तेव्हा फक्त चार वर्षे झाली होती. आत्या त्यानंतर सत्तावीस वर्षे जगली.

मग मी हट्टाने वाचू लागलो. मला वैद्यक कळत नाही. पण आकडे कळतात, आणि या शोधांचा प्राण आकड्यांतच आहे. माझ्या समजुतीप्रमाणे शोध म्हणजे एखादा विद्वान नळीकडे पाहात बसतो आणि एकाएकी ओरडतो. १८८२ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला, तो तसा शोध. पण औषध खरेच गुण देते का, हे ठरवायला निराळेच काही लागते. इंग्लंडमध्ये स्ट्रेप्टोमायसिन आले तेव्हा ते सर्वांना पुरण्याइतके नव्हते. तेव्हा १०७ रोग्यांच्या जणू चिठ्ठ्या टाकल्या. कोणाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती, हे बंद पाकिटातल्या आकड्याने ठरवले. डॉक्टरांच्या मर्जीने नव्हे. १९४८ साली निकाल छापला. सहा महिन्यांत औषध घेतलेल्या ५५ पैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीतल्या ५२ पैकी १४. पुढे मात्र एकट्या औषधाला जंतू सरावले, आणि दोन-तीन औषधे एकत्र द्यावी लागतात हा धडा मिळाला. आत्याला टोचलेल्या सुईमागे हे १०७ जण उभे होते. तिला ते ठाऊक नव्हते, आणि त्यांनाही ती.

मद्रासची गोष्ट याहून साधी, आणि मला याहून मोठी वाटते. आपल्या देशात तेव्हा क्षयरोगी लाखोंनी आणि आरोग्यधामांतल्या खाटा मूठभर. १९५६ साली मद्रासला एक केंद्र निघाले. शहरातल्या गरीब वस्त्यांतले सुमारे दोनशे रोगी घेतले आणि त्यांचेही असेच दोन वाटे केले. अर्धे आरोग्यधामात गेले : चांगले अन्न, पूर्ण विश्रांती, परिचारिका. अर्धे आपापल्या खोल्यांत राहिले : दाटीवाटी, अर्धपोटी जेवण, जमेल तशी मजुरी. औषध मात्र दोघांनाही एकच. वर्षाअखेर पाहावे तो दोन्ही वाट्यांत गुण जवळजवळ सारखा! पुढे त्यांच्या घरच्या माणसांचाही हिशेब ठेवला. ज्यांच्या घरी रोगी राहिला त्यांना रोग अधिक झाला असे दिसले नाही. ज्याला संसर्ग व्हायचा त्याला तो बहुतेक निदानाच्या आधीच झालेला असतो. औषध सुरू झाले की रोग्यापासूनचे भय झपाट्याने ओसरते.

म्हणजे व्हरांड्यातली ती तीन वर्षे, तो कोनाडा, ती वेगळी राख! यांतले बरे करणारे काय होते, तर औषध. बाकीचे आमचे आम्ही चालवले होते. मला आरोग्यधामांना नावे ठेवायची नाहीत. औषधे नव्हती तेव्हा त्यांच्यापाशी दुसरे काय होते? पण मद्रासचा निकाल जगभर गेला, आरोग्यधामे हळूहळू ओस पडली, आणि आमच्या माजघरापर्यंत मात्र तो आला नाही. आणायला हवा होता तो मी. मी कॉलेजात होतो, ग्रंथालयात जात होतो, विचारता आले असते. मी विचारले नाही, कारण विचारले असते तर केळीचे आळे उकरावे लागले असते.

मनूचे उपचार सुरू झाले. ज्या यंत्राने तिचा बेडका तपासला त्याचीही परीक्षा अशीच झालेली. २०१० साली निकाल लागला; पेरू, अझरबैजान, दक्षिण आफ्रिका आणि भारत इथल्या १,७३० रोग्यांवर ती परीक्षा घेतली होती, आणि त्यांत आपल्या मुंबईचे रोगीही होते. आधी जे कळायला जंतू वाढवीत आठवडेच्या आठवडे जात, ते हे यंत्र दोन तासांत सांगते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वी दीड-दोन वर्षे उपचार चालत. त्यांतले कित्येक महिने रोज सुई, आणि त्या सुईने कित्येकांचे कान कायमचे गेले. मनूला चार औषधांच्या गोळ्या मिळाल्या, सहा महिने. बेडाक्विलीन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन ही नावे मी पाढ्यांसारखी पाठ केली. उझबेकिस्तान, बेलारूस आणि दक्षिण आफ्रिका इथल्या रोग्यांवर ही योजना पारखली गेली. जुन्या उपचारांत शंभरांतल्या ४८ जणांचे काही ना काही बिनसले, नव्यांत ११ जणांचे. फरक इतका स्पष्ट दिसला की नवे रोगी घेणे मुदतीआधीच थांबवले. हा निकाल २०२२ चा. आपल्या सरकारने ही योजना २०२४ साली स्वीकारली. मनू जानेवारी २०२५ मध्ये आजारी पडली. एवढ्या थोडक्यात हुकते, आणि एवढ्या थोडक्यात साधते.

ते सहा महिने सोपे नव्हते. गोळ्यांनी तिला मळमळे, तळपायांना मुंग्या येत, रक्त कमी होते की काय म्हणून वरचेवर तपासणी. एका रात्री ती म्हणाली, "आजोबा, मला कुणी हात लावत नाही असं स्वप्न पडलं." मी उठून तिच्या खाटेवर बसलो आणि तिचे पाय चेपू लागलो. ती संकोचली, मग झोपली. मी मात्र बराच वेळ जागा होतो. माईआत्याला किती रात्री हे स्वप्न पडले असेल! तिच्या बाबतीत ते स्वप्नही नव्हते.

याच दिवसांत मला एक शोध वाचायला मिळाला. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० रोगी आणि त्यांच्या घरची दहा हजारांवर माणसे घेऊन तो केला. २०२३ साली छापला. रोग्याला तर दोन्हीकडे शिधा दिला. पण अर्ध्या भागात घरच्या माणसांनाही दिला : दर महिन्याला मोठ्या माणसामागे पाच किलो तांदूळ, दीड किलो तुरीची डाळ, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दुसरे काही नाही. ज्या घरांना हा शिधा मिळाला त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रोग्यांचे वजन वाढले, त्यांचे मरणही बरेच टळले.

तांदूळ आणि तुरीची डाळ! मी तो मजकूर सुनेला मोठ्याने वाचून दाखवला. ती वरणाला फोडणी देत होती. म्हणाली, "हे आमच्या आजीनंही सांगितलं असतं." खरे आहे. पण आजीने सांगितले असते आणि आपण ऐकले नसते. दहा हजार माणसे मोजून कोणी सांगितले, तेव्हा ते सरकारच्या कानी घालण्याजोगे झाले. सगळ्या जगातल्या क्षयरोग्यांपैकी चौथा हिस्सा आज आपल्या देशात आहे. त्यांच्यापैकी कितीकांच्या घरी अजून कोनाडा असेल, आणि कितीकांच्या घरी कोनाड्यात ठेवण्याइतकेही ताटात नसेल! सत्तर वर्षांच्या या शोधांतून मला, एका मास्तराला, एवढेच उमगले, की रोग्याचे ताट वेगळे करायचे नसते, ते भरायचे असते.

ऑगस्टमध्ये मनूच्या गोळ्या संपल्या. वजन सहा किलोंनी वाढले आहे. अजून काही काळ तपासण्या चालतील, पण तिने कचेरीत जायला सुरुवात केली आहे. परवा दिवाळीची साफसफाई करताना तिला कपाटात ती पितळेची वाटी सापडली.

"कुणाची हो ही, आजोबा?"

मी तिला सगळे सांगितले. केळीच्या आळ्यापर्यंत सगळे. माझ्या पत्नीलाही मी हे कधी सांगितले नव्हते. मनू बराच वेळ वाटी हातात फिरवीत राहिली. मग तिने ती चिंचेने घासली आणि आमच्या घरच्या वाट्यांत नेऊन ठेवली. आता ती रोज पंगतीत येते. कधी कोणाच्या ताटात, कधी कोणाच्या. काल ती माझ्या ताटात होती. आमटी तीच, रोजचीच. पण मला घास उतरायला जरा वेळ लागला.

यंदा करंज्या मनू करणार आहे. पहिली करंजी मी तिच्याकडून हातावर मागून घेणार आहे, आणि तिथेच उभ्या उभ्या खाणार आहे.