भुकटी निळी झाली

कॉर्डिसेप्सचं पुढे काय झालं म्हणून बरेच जण विचारतात. सांगण्यासारखं चांगलं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. आज लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सातपूरला घरामागच्या खोलीत एसी लावून मी चाळीस बरण्यांत कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस ही औषधी बुरशी घेतो. हिमालयातली किडाजडी वेगळी, ही तिची चुलत बहीण. बरणीच्या तळाशी वाफवलेला ब्राऊन राईस, त्यावर बियाणं. दोनेक महिन्यांत भातातून नारिंगी काड्या वर येतात. पहिली तोड निघाली तेव्हा माल घेणारा म्हणाला, "काड्या कापत काय बसता, खालच्या भातासकट वाळवा आणि दळा. भातात पण बुरशीचं जाळं असतंच की." पटलं मला. नुसत्या काड्या पावणेदोनशे ग्रॅम भरल्या असत्या, भातासकट सव्वा किलो झाली.

लॅबच्या रिपोर्टात पॉलिसॅकराइड भरपूर आलं. तो रिपोर्ट मी इथं टाकलाही होता, तुम्ही अभिनंदन केलं होतं.

दिवाळीला पुतणी आली, फार्मसीला आहे. रिपोर्ट बघून म्हणाली, "काका, भातातला स्टार्च पण पॉलिसॅकराइडच असतो ना?"

लॅबचं काही चुकलेलं नाही. त्या तपासणीत आम्ल घालून सगळ्या साखळ्या तोडतात आणि एकूण साखर मोजतात. साखर बुरशीची का तांदळाची, ते त्यात कळत नाही. बुरशीचं म्हणून जे मोजायचं ते बीटा-ग्लुकॅन. त्यासाठी एकूण ग्लुकॅन काढून त्यातून स्टार्चचं, म्हणजे अल्फाचं, वजा करतात. ही तपासणी वेगळी मागावी लागते. कॉर्डिसेपिन आणखी वेगळं, ते एचपीएलसी मशीनवर. हे कॉर्डिसेपिन 1950 साली आपल्या ह्याच मिलिटॅरिसमध्ये पहिल्यांदा सापडलं. मी यातलं काहीच मागितलं नव्हतं.

मग शाळेत बटाट्यावर केला होता तो प्रयोग केला. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणलं. चिमूटभर भुकटी पाण्यात उकळून पूर्ण गार केली (गरम असेल तर रंग धरत नाही, मी आधी तिथंच फसलो). दोन थेंब टाकले आणि शाईसारखं निळंकाळं झालं. एका बरणीत नवीन काड्या आल्या होत्या, त्या कापून तसंच केलं तर नुसता तपकिरी रंग. काढ्यातही तेच. दोन तास मंद आचेवर ठेवला तर काड्यांचा पातळ, पिवळसर उतरला. भुकटीचा घट्ट, खाली लागणारा. पेजच ती.

व्यापाऱ्याला माल दिला नाही. पण शंभर ग्रॅम आधीच गेली होती. सातपूर कॉलनीतले कंपनीतून रिटायर झालेले एक गृहस्थ बायकोसाठी घेऊन गेले होते. तिच्या केमो चालू होत्या. डॉक्टरांना विचारून घ्या, एवढं मी म्हणालो होतो. पण त्यांनी विचारलं, "फरक पडेल ना?" तेव्हा मी हो म्हणालो होतो. कॉर्डिसेपिनचे पेशींवर, उंदरांवर प्रयोग झालेत, पण त्यावरून माणसाचा कॅन्सर बरा होतो असं म्हणता येत नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आठ दिवस गेलो नाही. मग पैसे घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "डॉक्टरांनी बंद करायला लावली होती हो. पण त्याआधी चार दिवस तिला तेवढंच पोटात राहत होतं." पैसे घेतले नाहीत. मी टीव्हीजवळ ठेवून आलो.

दुसऱ्या तोडीच्या नुसत्या काड्या वाळवून ठेवल्यात. सोमवारी नमुना पाठवतोय, बीटा-ग्लुकॅन, अल्फा-ग्लुकॅन आणि कॉर्डिसेपिन तिन्ही लिहून. आकडा येईल तो इथं टाकीन, कमी आला तरी. जुना रिपोर्ट पेजवरून काढलाय. उरलेली भुकटी कोंबड्यांना घातली.