कोट पाडला, दरवाजा राहिला

मुंबईत फोर्ट नावाचा भाग आहे. फोर्ट म्हणजे किल्ला. जुनी माणसं त्याला कोट म्हणतात. आमची आजी अजून म्हणते, "तुझा आजा संपात कोटात मोर्चाला गेला आणि हात हलवत माघारी आला." आजा परळच्या एका गिरणीत बदली कामगार होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आजा पौडला आला तो कायमचाच. तेव्हापासून आमच्या घरात कोट हा शब्द शिवीसारखा वापरतात. एखादं काम बुडालं की म्हणायचं, कोटात गेलं.

मीबी गिरणीकामगारच. पण आता परळ राहिलं नाही. तिथल्या चिमण्यांच्या जागी काचेचे मनोरे झाले. माझी मिल पिरंगुटच्या बाजूला, पत्र्याच्या शेडात. दोरा गुंडाळायची. मी वाइंडिंगला उभा राहतो. कोन भरायचे, तुटलेला धागा सांधायचा, पुन्हा भरायचे. बोटांच्या पेरांवर धाग्यानं कापलेल्या रेघा आहेत. त्याच बोटांनी मी कविता लिहितो. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे काय वाचलं ते जयंतीच्या मंडपातल्या पुस्तकांच्या टेबलावरनं.

तर या मिलनं तीन महिन्यांचा पगार ठेवून घेतला. चिठ्ठीवर फंड कापलेला दिसतो, फंडाच्या खात्यात पडलेला दिसत नाही. मुकादमाला विचारलं तर म्हणतो मॅनेजरला विचारा. मॅनेजर म्हणतो हेड ऑफिसला विचारा. हेड ऑफिस कुठं? तर पगाराच्या चिठ्ठीवरच बारीक अक्षरात छापलेलं. फोर्ट, मुंबई. कंपनीचं नाव इथं लिहीत नाही, प्रकरण चालू आहे.

लिहिता येतं म्हणून अर्ज मी लिहिला. बेचाळीस सह्या, तीन अंगठे. आमची सुट्टी गुरुवारची. फोर्टातली ऑफिसं गुरुवारी उघडी असतात, एवढं एक बरं. बुधवारची पाळी सुटल्यावर पुणे स्टेशन गाठलं, रात्र तिथंच काढली, पहाटेची सिंहगड धरली. गाडीत उभ्यानं अर्ज तीनदा वाचला. आजीनं निघताना एवढंच विचारलं होतं, "कोटात कशाला मरायला जातोस?"

सीएसएमटीला उतरून मी दादाभाई नौरोजी रोडला लागलो. जुना हॉर्नबी रोड. दोन्ही बाजूंना दगडी इमारती आणि खाली कमानींची पडवी. १८९६ साली सरकारनं नियमच केला होता की इथं इमारत बांधायची तर खाली चालणाऱ्यांसाठी कमानी सोडल्या पाहिजेत. म्हणून उन्हात-पावसात माणूस सावलीतनं चालतो. त्या सावलीत घड्याळवाले, चष्मेवाले, पट्टेवाले बसलेत. दगडाचं राज्य वर, पोटाचं राज्य खाली.

याच रस्त्यावर बुद्ध भवन आणि आनंद भवन. सिद्धार्थ कॉलेज. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, २० जून १९४६ ला कॉलेज सुरू केलं. आधी ते लष्कराच्या बराकींत भरायचं, मग इथं आलं. नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी. कॉमर्सचं कॉलेज १९५३ ला, कायद्याचं १९५६ ला. मी फाटकासमोर थांबलो. पोरं-पोरी ये-जा करत होती, कुणी वडापाव खात होतं. कुणाला माझ्याकडं बघायला वेळ नव्हता आणि त्याचंच मला बरं वाटलं.

दोस्तांनो, एक गोष्ट डोक्यात बसली ती सांगतो. आपली माणसं राहत होती परळला, नायगावला, वरळीच्या चाळींत. कॉलेज काढलं ते बँका, विमा कंपन्या, हायकोर्ट आणि शेअरबाजाराच्या शेजारी. जागा मिळाली म्हणून असेल, पण मी त्याचा माझ्यापुरता अर्थ लावला. जिथं हिशेब लिहितात तिथंच हिशेब शिकायचा. जिथं कायद्याचा किस पाडतात तिथंच कायदा शिकायचा.

पुढं पत्ता सापडेना. गल्लीत गल्ली. तेवढ्यात डबेवाला दिसला. पांढरी टोपी, हातगाडीवर डबे, डब्यांवर रंगानं लिहिलेल्या खुणा. मुंबईचे डबेवाले म्हणजे मावळ, मुळशी, खेड, जुन्नरची माणसं. बोलण्यावरनं लगेच ओळख पटली.

"कुठला रं तू?"

"पौडचा."

"मग आपलाच की! मी मुळशीकडचा. पौडात कुणाचा?"

हा प्रश्न आपल्याला पाठ आहे. कुणाचा म्हणजे कुठल्या आळीचा, कुठल्या आळीचा म्हणजे कुठल्या जातीचा. दीडशे किलोमीटर लांब, समुद्राच्या काठावर, दगडी इमारतींच्या सावलीत, तोच प्रश्न टोपीखाली बसून आला होता.

"बुद्धवाड्यातला," मी म्हणालो.

तो गप झाला. दोन डबे इकडचे तिकडं केले. मग पत्त्याची चिठ्ठी बघून म्हणाला, "तिसरी गल्ली, डाव्या हाताला. पुढच्या दारानं वॉचमन सोडायचा न्हाई. मागनं लोखंडी जिना हाय. आम्ही बी तिथनंच जातो."

त्यानं वाईट मनानं सांगितलं नाही. तो स्वतः रोज त्याच जिन्यानं दुसऱ्याचं जेवण वर पोचवतो. पण मागच्या दाराचा रस्ता आमच्या बापजाद्यांनी पुष्कळ झिजवलाय. मी पुढच्या दारानं गेलो.

वॉचमननं वही पुढं केली. नाव, कुठनं आला, कुणाला भेटायचं. मी आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं. 'कशासाठी' या रकान्यात लिहिलं, ४५ कामगारांचा थकलेला पगार. त्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "जा, लिफ्ट बंद हाय." तोही कंत्राटीच असणार.

मला वाटलं होतं हेड ऑफिस म्हणजे गालिचा, काच, थंडगार हवा. पाचव्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली निघाली. एक टेबल, लोखंडी कपाट, साठीचा एक कारकून आणि दारावर कंपन्यांच्या नावांची पाटी. सोळा नावं मोजली. एका कपाटात सोळा कंपन्या! आमच्या घामाचं गाव एवढंच होतं.

"साहेब नाहीत."

"थांबतो."

"साहेब येत नाहीत इथं."

"मग अर्ज घ्या आणि पोच द्या."

"अर्ज ठेवून जा. शिक्का माझ्याकडं नाही."

शिक्का टेबलावर होता. शाईच्या डबीशेजारी. मी बोट दाखवलं तर त्यानं ड्रॉवर उघडून शिक्का आत टाकला. साडेबारा ते साडेतीन मी त्या बाकावर बसलो. तीन तासांत त्यानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही, पण एकदा पाण्याचा ग्लास सरकवला. मी पाणी प्यालो. पोच काही मिळाली नाही.

तिथं माणूस खचतो. आजासुद्धा असाच खचला असेल. पण खाली आल्यावर आठवलं, जीपीओ इथंच आहे. १९१३ सालची इमारत, वर विजापूरच्या गोलघुमटासारखा घुमट. आत एवढी उंच खोली की आमची मिल तीत मावेल. त्या घुमटाखाली कुणीही रांगेत उभं राहावं. 'कुणाचा' विचारत नाहीत. मी स्टेशनरीवाल्याकडं अर्जाच्या तीन प्रती काढल्या. एक स्पीड पोस्टानं त्याच खोलीला, पाचशे पावलांवर. एक पुण्याच्या कामगार आयुक्तांना. एक फंडाच्या ऑफिसला. पावत्यांवर तारीख, वेळ, सरकारी छाप. शिक्का ड्रॉवरात टाकणाऱ्याला आता पोस्टमनच्या वहीत सही करावी लागणार होती.

गाडीला वेळ होता म्हणून हुतात्मा चौकात आलो. हा किल्ला होता तेव्हा त्याला तीन दरवाजे होते. अपोलो गेट, बझार गेट आणि चर्च गेट. १८६२ साली बार्टल फ्रियर गव्हर्नर झाला आणि त्याच्या काळात तट पाडला. तेव्हा अमेरिकेत यादवी चालू होती, १८६१ ते ६५. तिथला कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्याकडचा कापूस लागला, मुंबईत पैशाचा पूर आला. त्या दिवसांत ही नवी मुंबई उभी राहू लागली. जिथं चर्च गेट होतं तिथं १८६४ साली फ्लोरा फाउंटन बसवलं. रोमन लोकांची फुलांची देवी. आणि तिच्या शेजारी आपल्या संयुक्त महाराष्ट्राचं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथं गोळ्या चालल्या. स्मारकावर शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे आहेत. वर्षातनं एकदा हार घालतात, बाकीचे दिवस ट्रॅफिक फिरते. २०२५ पासून खालनं मेट्रोही जाते.

तट पाडला खरा. पण तटाबाहेरचं मैदान बघा. तोफेच्या माऱ्याला आडोसा नको म्हणून किल्ल्यासमोर मोठी जागा मोकळी ठेवलेली होती, एस्प्लनेड. तिचेच तुकडे म्हणजे आजचं आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल. आज मोर्चा कुठनंही येवो, अडवतात तो आझाद मैदानात. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी-आदिवासी चालत आले. दहावीच्या पोरांना परीक्षेला त्रास नको म्हणून रात्रीच चालले आणि १२ मार्चला पहाटे मैदानात पोचले. फोडलेले पाय सगळ्यांनी पेपरात बघितले. त्यांनाही तिथंच थांबवलं. म्हणजे जी जागा कोटानं बाहेरच्यांवर नेम धरायला राखली होती, तीच आज बाहेरच्यांना बसवायला राखली आहे.

फाउंटनपासून थोडं चाललं की बॉम्बे हाऊस. टाटांची कचेरी, १९२४ साली बांधलेली. पौडच्या माणसानं ती इमारत बघितल्याशिवाय परत फिरू नये. आमची मुळा नदी टाटांच्या धरणानं मुळशीला अडली. १९२१ साली सत्याग्रह झाला, त्यात पांडुरंग महादेव बापट सेनापती झाले. पन्नासच्या आसपास गावांवर पाणी आलं. जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा बोजा आधीच होता. सत्याग्रह हरला. पाणी सह्याद्रीच्या पोटातनं खाली कोकणात भिऱ्याला सोडलं, आणि १९२७ साली तिथनं वीज निघाली. मुंबईच्या गिरण्यांसाठी, मुंबईच्या दिव्यांसाठी. आजी म्हणते, "म्हमईला दिवा लागला तो आमच्या पाण्यावर."

आता हे साल नीट बघा. १९२७. भिरा तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. आणि त्याच जिल्ह्यात, त्याच साली, २० मार्चला, महाडला बाबासाहेब चवदार तळ्याची पायरी उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. एकाच जिल्ह्यात डोंगर फोडून पाण्याची वीज करणारं यंत्र आलं होतं आणि त्याच जिल्ह्यात माणसाला तळ्यातलं पाणी तोंडाला लावायला लढा करावा लागत होता. मुंबईतही काय वेगळं होतं? १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी शिवू नये म्हणून सोबतच्या काहींनी हरकत घेतली होती. शहराला वीज लौकर कळली, पाणी उशिरा कळलं. त्या कारकुनानं मला ग्लास दिला तेव्हा हे सगळं मध्ये झालेलं होतं. तो ग्लास फुकट आलेला नाही.

म्हणून मी आजीसारखं म्हणणार नाही की कोटात गेलं म्हणजे बुडालं. सहा डिसेंबरला आपण दादरला जातो, चैत्यभूमीपुढं डोकं टेकतो, रात्रीच्या गाडीनं परत येतो. जाऊच. पण एक दिवस साधा, कामाचा, गुरुवारसारखा, कोटासाठी काढा. आपल्या कारखान्याच्या चिठ्ठीवरचा पत्ता वाचा. तो जिना चढा. पाटीवरची नावं लिहून घ्या. हायकोर्ट कुठल्या दारानं उघडं आहे ते बघा. एशियाटिकच्या टाऊन हॉलच्या पायऱ्या चढा, १८३३ सालापासून त्या तिथंच आहेत. सिद्धार्थच्या फाटकातनं आत जाऊन विचारा की कायद्याला प्रवेश कधी चालू होतो. मी विचारून आलोय. आधी बारावी पाहिजे. सतरा नंबरचा फॉर्म भरायचा ठरवलंय.

घोषणा गळ्यातनं येते, पण हिशेब कागदावरनं येतो. आपल्याकडं गळे पुष्कळ झाले. अर्ज दोन प्रतींत लिहा. पोच देत नसतील तर पोस्टात टाका आणि पावती पाकिटात नको, वहीत चिकटवा. आणि पुढच्या दारानं जा. अडवलं तर वहीत पूर्ण नाव लिहा, आडनावासकट.

बाराव्या दिवशी आमच्या मिलमध्ये एका महिन्याचा पगार झाला. मॅनेजर म्हणाला, हेड ऑफिसकडनं आलाय. आजीला सांगितलं तर ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अन् बाकीचे दोन?"

बाकीचे दोन आहेत. पुढच्या गुरुवारी आम्ही चौघं जाणार आहोत.