रोज्यातली मुभा

अम्मीला इन्शुलिन सुरू झालं ते 2018 साल. त्या वर्षी रमजान ऐन मे महिन्यात आला होता. डॉक्टरांनी बजावलं, रोजे धरायचे नाहीत. पाळीत, बाळंतपणात सुटलेले रोजेसुद्धा पुढच्या रमजानच्या आत भरून काढणारी ती बाई. डॉक्टरांसमोर काही बोलली नाही. पण पहिल्या पहाटे सहरीच्या जेवणासाठी सगळ्यांच्या आधी उठून चपात्या लाटायला बसली आणि आमच्याबरोबर रोजाही धरला.

माझ्या लहानपणी रमजान डिसेंबर-जानेवारीत यायचा. चांद्रवर्ष आपल्या वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान, म्हणून रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. मिरजेत थंडीतला रोजा साडेबारा तासांच्या आसपास असतो, मे महिन्यातला चौदा तासांच्या वर जातो. त्यात पाण्याचा थेंबही चालत नाही. धडधाकट माणसाचाही घसा दुपारनंतर कोरडा पडतो.

तरीही रोज्याची खरी कसोटी तहानेत नाही, असं मला वाटतं. दुपारी जोहरच्या नमाजाआधी वजू करताना, म्हणजे हातपाय-तोंड धुताना, चूळ भरायची असते. थंड पाणी तोंडात आलेलं असतं, आजूबाजूला कुणी नसतं, गिळलं तरी जगाला पत्ता लागणार नाही. रोजेदार ते थुंकून टाकतो. नमाज लोकांना दिसते, दानधर्म दिसतो, हजला जाणाऱ्याला निरोप द्यायला गाव लोटतं. रोजा मात्र माणूस आणि अल्लाह यांच्यातच राहतो. कुराणात रोज्याचा हेतू तकवा सांगितला आहे, म्हणजे अल्लाह पाहतो आहे याची सतत जाण ठेवून वागणं. म्हणून जिभेचाही रोजा असतो. दिवसभर उपाशी राहून चुगली केली, खोटं बोललं, तर हाती राहते ती नुसती भूक.

हे सगळं अम्मीनेच आम्हाला शिकवलं होतं. पण रोजा न धरण्याची मुभा घेणं म्हणजे ईमानात कमी पडणं, ही समजूत तिच्याही मनात घट्ट होती. आमच्याकडे पाळीच्या दिवसांत बायकांना रोजा नसतो, तरी त्या स्वयंपाकघराचं दार लोटून, पाठमोऱ्या बसून दोन घास खातात. मीही तशीच खात आले. धर्माने उघडपणे दिलेली सवलत आपण चोरून का घ्यायची?

तिसऱ्या रोज्याला दुपारी, असरच्या नमाजाआधी अम्मीला दरदरून घाम फुटला. हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. मी बोट टोचून साखर तपासली. यंत्रावर आकडा आला 58. साखरेचं पाणी पुढे केलं तर तिने तोंड फिरवलं. ‘‘तीनच घंटे रहे मगरिबकू,’’ रोजा सुटायच्या मगरिबच्या वेळेबद्दल एवढंच म्हणाली. मग मी मोहल्ल्यातल्या मौलानांना फोन लावून तो तिच्या कानाला धरला. त्यांनी तिला सांगितलं, ‘‘खाला, आधी पाणी प्या, मग बोलू. जीव वाचवणं फर्ज आहे.’’ ती रडत रडत प्यायली.

संध्याकाळी तरावीहच्या नमाजाआधी मौलाना घरी आले आणि तिच्यासमोर बसून त्यांनी सूरह अल-बकरामधल्या आयतींचा अर्थ उलगडला. हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, इसवी सन 624मध्ये रोजे फर्ज झाले. जिथे रोज्याची आज्ञा आहे, तिथेच लगेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला सूट आहे. त्यांनी ते रोजे नंतर भरून काढावेत. ज्याला पुढेही बरं होऊन रोजे धरण्याची आशा नाही, त्याने फिदया द्यावा, म्हणजे दर रोज्यामागे एका गरिबाला दोन वेळचं जेवण किंवा त्याची किंमत. अल्लाहला तुमची सोय हवी आहे, हाल नकोत, हेही त्याच ओघात आलं आहे. हुकूम ज्याचा, मुभाही त्याचीच. एक मानायचा आणि दुसरी नाकारायची, हा अधिकार आपल्याला नाही.

अम्मीने फिदया पैशांत दिला नाही. रोज स्वतःच्या हातांनी दालचा-भात रांधून डबा भरायची, झाकण लावण्याआधी बिस्मिल्ला म्हणून मीठ चाखायची. ते चाखतानाही पहिले काही दिवस तिचे डोळे भरून यायचे, नंतर ती सावरली. मगरिबची अजान झाली की आमच्याबरोबर दस्तरखानावर बसून तीही खजूर उचलायची. तिची इबादत आमच्यापेक्षा कणभरही कमी नव्हती, हे मी रोज पाहत होते.

तुमच्या घरी मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेलं कुणी असेल, तर रमजानच्या दीड-दोन महिने आधीच त्यांना डॉक्टरांकडे न्या. रोजा धरता येईल का, औषधांच्या वेळा कशा बदलायच्या, हे विचारून घ्या. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. साखर 70च्या खाली किंवा 300च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडायला लावा. आणि डॉक्टर नको म्हणाले, तर त्या माणसाला लपून जेवायची वेळ आणू नका. त्याचं ताट दिवसाउजेडी, मानाने वाढा.