उलाळ गाडी

उलाळ हा शब्द आता घरांतून फारसा ऐकू येत नाही. बैलगाडीत किंवा टांग्यात मागच्या बाजूस भार अधिक झाला आणि पुढचे जू वर उचलले गेले, की गाडी उलाळ झाली असे म्हणत. भार पुढे अधिक झाला की ती धुरजड. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आम्हांस हे दोन्ही शब्द चांगले ठाऊक होते. तरीही आमच्या स्वतःच्या दारात उभी असलेली गाडी उलाळ आहे, हे समजण्यास एका मिस्त्रीची शिकवणी लावावी लागली. तीच हकीकत येथे सांगतो.

आमचे बिऱ्हाड नेमावरला, नर्मदेच्या उत्तर तीरावर. पलीकडे हंडिया. हे नर्मदेचे नाभिस्थान मानले जाते, आणि काठावर सिद्धनाथाचे परमारकालीन देऊळ उभे आहे. दर अमावास्येला नर्मदास्नान, हा आमच्या मातोश्रींचा नेम. वय 82. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी असहकार पुकारला, तेव्हा आम्ही चाकांची खुर्ची आणण्याची गोष्ट काढली. "मला कोणी ढकलत न्यायचे नाही," एवढेच त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

पुढे इंदूरला एका हॉटेलातील बॅटरीवर चालणारी जुनी गाडी विकावयाची असल्याचे कळले. गोल्फच्या मैदानावर असते तशी, उघडी, बिनआवाजाची. महामार्गावर ती न्यावयाची नव्हतीच. घर ते घाट एवढीच गल्ली. तिची मागची बैठक मागे तोंड करून बसण्याची होती. ती पाहताच मातोश्री हरखल्या. "अरे, हा तर टांगाच की!" देवासला त्यांच्या लहानपणी टांग्याच्या मागच्या बाजूस पाय सोडून बसण्याचा मान त्यांचाच असे.

परंतु गाडीचा मागचा भाग पार बसलेला होता. आसनाखाली 8 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या, एकेक जवळपास 29 किलोची. म्हणजे मागे कोणी बसण्यापूर्वीच पावणेदोनशे किलोंचे ओझे. गल्लीतील नालीवरच्या फरशीला गाडीचे पोट घासू लागले. दुकानदाराने मागचा भाग उंच करण्याच्या तयार सामानाचे 18,000 रुपये सांगितले. शाळेच्या सादिलवारीत आयुष्य गेलेल्या माणसाला हा आकडा पचणे कठीण होते.

मग आम्ही स्वतःच शास्त्र वाचले. कमानीच्या पाट्यांचे मागचे टोक गाडीच्या सांगाड्याला ज्या दोन पट्ट्यांनी टांगलेले असते, त्यांस शॅकल म्हणतात. ते लांब केले की गाडी उचलली जाते. मात्र पाट्याचे एकच टोक खाली जात असल्याने शॅकल 4 इंच लांब केले तर गाडी सुमारे 2 इंच वर येते. गणित सुटले. एका वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पट्ट्या कापून घेतल्या. खर्च 600 रुपये. गाडी नव्या नवरदेवासारखी मान वर करून उभी राहिली, आणि आम्ही सौ.ला गणिताचे महत्त्व सांगितले.

त्या अमावास्येला घाटाच्या उतारावर, ओल्या दगडांवर, आम्ही ब्रेक दाबला आणि गाडीचे मागचे अंग हातभर बाजूला सरकले. कठड्याला लागण्यापूर्वी ती थांबली. कोणास काही झाले नाही. मातोश्रीही काही बोलल्या नाहीत. पुढच्या अमावास्येस मात्र सकाळीच म्हणाल्या, "या वेळी नर्मदेचे पाणी बादलीत आण. घरीच स्नान करते." त्या शब्दांनी आम्हांस जे झाले, ते गाडी कठड्यावर आदळून झाले नसते.

दुसऱ्या दिवशी खातेगावला ट्रकच्या कमानी बांधणारे एक वृद्ध मिस्त्री गाठले. त्यांनी आमचे शॅकल पाहिले आणि विचारले, "मास्साब, बीमार को ऊँचे पलंग पर सुलाने से बुखार उतरता है क्या?" मग बॅटऱ्या उतरवून त्यांनी जमिनीपासून मापे घेतली. डाव्या कमानीतील दुसरा पाटा मोडलेला होता, बाकीचे सपाट झाले होते. रबरी बुश झिजलेले. मागची बैठक चाकांच्या आखाच्याही मागे लोंबत होती, म्हणून तिथे बसणाऱ्याचा भार आखावर सरळ न पडता गाडी मागे ओढत होता. त्यांनी तर्जनी वर करून "उलार" म्हटले, आणि आमच्या एम. ए.ला घाम फुटला.

अशा पुष्कळ गाड्यांप्रमाणे आमच्याही गाडीचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना आहेत, हेही त्यांनीच दाखविले. उतारावर ब्रेक दाबला की भार पुढे जातो आणि मागची चाके हलकी होतात. त्यात आम्ही मागचा भाग उंच करून गाडी आणखी पुढे झुकवली, आणि सैल बुशांवर लांब शॅकल टांगून तिला डुलायला शिकविले. उंची वाढली होती. मोडलेला पाटा मोडलेलाच होता.

मिस्त्रींनी एक नवा पाटा घातला. उरलेल्यांना भट्टीत न घालता, थंडच ठोकून कमान दिली; वाटेल तसे तापविले तर पोलादाचा ताव जातो, असे ते म्हणाले. नवे बुश, नवे यू-बोल्ट, आणि मूळचेच आखूड शॅकल. सर्व मिळून 2,600 रुपये. आठ दिवसांनी यू-बोल्ट पुन्हा कसावयाचे आणि मागे एकच माणूस बसवावयाचा, ही दोन पथ्ये. गाडी उंच केली नाही. खचली होती ती जागेवर आणली. फरशी मात्र आता पोटाला लागत नाही.

पुढील तीन संध्याकाळी आम्ही मागच्या बैठकीवर धान्याचे पोते ठेवून घाटाचा उतार उतरलो. मातोश्री ओट्यावर बसून गाडी जाताना-येताना पाहत असत. विचारले काही नाही. अमावास्येस पहाटे पाहतो तो त्या पातळ बदलून दारात उभ्या. उंच केलेल्या गाडीत त्यांना दोघांनी उचलून बसवावे लागले होते. या वेळी त्यांनी दांडी धरली, पायरीवर पाऊल ठेवले आणि स्वतःच बसल्या.

"बादली घेऊ का?" आम्ही विचारले.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "हाक टांगा."