कान्हेरीच्या वाटेवरचे जंगल

बोरिवलीच्या फाटकापासून कान्हेरी लेणी सुमारे 6 किलोमीटर. आपले बहुतेक उपासक-उपासिका गाडीने थेट वर जातात, तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात वंदना करतात, तथागतांच्या उंच मूर्तींपुढे फोटो काढतात नि डबे सोडून बसतात. वाटेतले जंगल पाहायचे राहूनच जाते.

हे राष्ट्रीय उद्यान 100 चौरस किलोमीटरहून थोडे मोठे. त्यात अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदलेले आहेत. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नये. समजा, दोन टेकड्या आहेत. दोन्हींवर 100 झाडे, दोन्हींवर जाती 5. एकीवर 96 साग आणि बाकीच्या चार जातींचे एकेक झाड. दुसरीवर प्रत्येक जातीची 20. मोजदाद सारखी, तरी वैविध्य दुसरीचेच मोठे. सागावर अळी पडली की पहिली टेकडी बोडकी होते, दुसरी हिरवी राहते. म्हणून शास्त्रज्ञ जाती किती एवढेच विचारत नाहीत, प्रत्येकीचा वाटा किती हेही विचारतात. (आपल्याला हा प्रश्न नवा नाही!)

या वाटेवरही पावसाळ्यात सागाची पाने जाळी होऊन लोंबताना दिसतात. त्या अळ्या पक्षी टिपतात. सागा-ऐनाखाली कारवी. ती आठ वर्षांतून एकदा फुलते. 2016 साली फुलली, नंतर 2024 साली. त्या वेळी मधमाश्यांची चंगळ असते. कारवीच्या काठ्यांनी आदिवासी बांधव कुडाच्या भिंती उभारतात. सगळ्यांत खाली पालापाचोळा, वाळवी आणि बुरशी.

जंगलाचे असे मजले पाहून एखादा शहाणा म्हणतोच, "बघा, निसर्गातसुद्धा उच्च-नीच आहे!" मुलांसमोर कोणी असे बोलले तर गप्प बसू नये. वाळवी आणि बुरशी पाचोळा कुजवतात, तेव्हा सागाला खत मिळते. तिथे खालचा वरच्याचा गुलाम नाही. वाळलेला साग शेवटी वाळवीच्याच पोटात जातो. आणि साग वेगळी जात, कारवी वेगळी. माणूस मात्र सगळा मिळून एकच जात. मराठीत झाडालाही 'जात' म्हणतात आणि माणसाला चिकटवलेल्या लेबलालाही 'जात'च म्हणतात, घोटाळा तिथे आहे. जातिभेद म्हणजे वंशभेद नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची ती सामाजिक विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिसंहारा'च्या ग्रंथात मांडून ठेवले आहे.

सोमवारी उद्यान बंद असते. माकडांना खाऊ घालू नये. शहराचा खाऊ मिळाला की ती रानातले खाणे सोडतात आणि अंगावर येतात.

वर पोचल्यावर लेण्यांजवळची दगडात कोरलेली पाण्याची टाकी जरूर पाहावीत. त्यातले एक कल्याणच्या सोनाराने दान दिल्याचा शिलालेख आहे. भिक्खूसंघ हेच पावसाचे पाणी वर्षभर पुरवून वापरीत असे. या जंगलावर पडणारा पाऊस आजही तुळशी आणि विहार तलावांत साठून मुंबईच्या नळाला येतो. टाक्यांच्या काठावर शेवाळ असते, मुलांचे हात धरून ठेवावेत.