भट्टी पेटलेलीच आहे

मेलेल्या शहराचा शोक करणं सोपं असतं. पडकी वेस, बुजलेली बारव, ओस वाडा, काहीतरी हाताला लागतं. छत्तीसगढातल्या भिलाईत तसं काही नाही. रात्रीच्या गाडीतून दुर्गच्या आसपास खिडकीबाहेर बघितलं तर आभाळाची एक कड अजून तांबूस दिसते. पाळ्या बदलतात. मैत्री बागेतले पांढरे वाघ लोकांकडे पाठ करून झोपतात. पोलाद तर पूर्वीपेक्षा जास्त निघतं. तरीही मी या शहराचं सुतक धरलं आहे, आणि ते कुणाला समजावून सांगताना जीभ अडखळते. जे गेलं ते प्लांटच्या भिंतीबाहेर होतं, सेक्टर एक ते सेक्टर दहा या आकड्यांच्या मध्ये कुठेतरी.

आकड्यांचंच गाव ते. सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर नंबर. विदर्भातल्या खेड्यात घर कुठलं ते सांगितलं की जात कळते. इथे फक्त ग्रेड कळायची. ही उतरंडच होती, झाकायचं कारण नाही. पण जन्मानं चिकटलेली उतरंड आणि प्रमोशननं बदलणारी उतरंड, या दोहोंत माणसाला श्वास घेण्याइतकं अंतर असतं. त्या अंतरात आम्ही वाढलो. एकाच ओळीत तेलुगू फोरमन, मल्याळी नर्स, सरदारजी क्रेनवाले, बंगाली ड्राफ्ट्समन, गोंदियाचा फिटर. देवांनाही क्वार्टरं मिळाली: बालाजी सेक्टर पाचमध्ये, अय्यप्पा दोनमध्ये, जगन्नाथ चारमध्ये. सेक्टर सहात कालीबाडी, गुरुद्वारा आणि जामा मशीद एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. आजारी पडलं की ‘सेक्टर नऊ’ एवढंच म्हणायचं; दवाखाना हा शब्द कुणी उच्चारत नसे.

या शहराचा जन्मदाखला नागपूरच्या नावावर आहे, हे नागपूरकर विसरले. सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी, दिल्लीत. तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, त्या राज्याची राजधानी नागपूर होती, आणि कारखाना आपल्याकडे यावा म्हणून खटपट करणारे मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल तिथूनच कारभार पाहत होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, दुर्ग भोपाळकडे. सीमा हलली, रेल्वेलाइन जागेवर राहिली. तिच्यावरून भंडारा, गोंदिया, नागपूरची माणसं येत राहिली. त्यांतली कितीतरी सीमा बदलण्याच्या जेमतेम अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, दीक्षाभूमीवर बाबासाहेबांमागे उभी राहिली होती. गावकी मागे टाकलेली, बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आणि समोर अजून जातीचा वास न लागलेलं शहर. हा योग इतिहासात फार वेळा येत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या धमनभट्टीचं उद्घाटन झालं.

मराठी माणूस इथे पहिल्यांदा आला तो मात्र फिटर म्हणून नव्हे. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत १७४१ च्या सुमारास याच छत्तीसगढवरून पुढे बंगालवर गेले. त्या स्वाऱ्यांची धास्ती बंगाली आयांनी अंगाईत भरून ठेवली. अजून तिकडची पोरं ‘बर्गी’, म्हणजे मराठा स्वार, आले म्हणून झोपतात. पुढे बिंबाजी भोसले रतनपुरात राहिला, रामाचं देऊळ बांधलं, आणि दसऱ्याला सोनं वाटायची रीत इथे रुजली ती त्याच्या काळात असं मानतात. आता गंमत पाहा: त्या बर्गींचे वंशज आणि त्यांना घाबरून झोपलेल्यांचे वंशज कोक ओव्हनच्या एकाच पाळीत, एकाच डब्यातली भाजी खात होते. आमच्या ओळीतले बंगाली काका दसऱ्याला आपट्याचं पान हातात घेत म्हणायचे, “बर्गीबाबू, या वेळी तुम्ही दिलंत, चालेल.”

छत्तीसगढी शेजाऱ्यांशी मराठी घरांचं सूत लवकर जमलं ते पोळ्यामुळे. श्रावणी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल निघतात, छत्तीसगढात अमावास्येलाच ‘पोरा’ सणाला मातीचे नांदिया बैल. पोरं दोन्ही ओढायची. आमच्याकडून पुरणपोळी जायची, तिकडून ठेठरी-खुरमी यायची. पाव शतक तरी हे असंच चाललं असेल.

भिलाईचे नातेवाईक फार लांब आहेत, आणि त्यांची आठवण काढल्याशिवाय हे दुःख नीट मोजता येत नाही. शिकागोच्या शेजारी, मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावर यू.एस. स्टील कंपनीनं १९०६ मध्ये गॅरी नावाचं शहर वसवलं. कंपनीच्या अध्यक्षाचंच नाव दिलं. पोलंड, सर्बिया, मेक्सिकोची माणसं आली, दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून कृष्णवर्णीय आले. स्टालिनला उरलच्या पायथ्याशी मॅग्निटोगोर्स्क उभारायचं होतं तेव्हा नमुना म्हणून हेच गॅरी समोर ठेवलं गेलं. आणि मॅग्निटोगोर्स्कच्या बांधकामात मुरलेले वेनियामिन दिमशित्स भिलाईचे सोव्हिएत मुख्य अभियंता झाले. म्हणजे भांडवलशाहीनं घडवलेलं, साम्यवादानं उचललेलं आणि नेहरूंच्या भारतानं आणलेलं हे एकच घराणं. थोरल्या घराचं काय झालं? १९६० मध्ये गॅरीत एक लाख अठ्ठ्याहत्तर हजार माणसं होती, २०२० मध्ये एकोणसत्तर हजार. गोरे उपनगरांत सरकले, दुकानं त्यांच्यामागून गेली. कारखाना मात्र आजही आहे. भट्टी विझायच्या आधी शहर विझतं, हा या घराण्याचा आजार दिसतो.

ऐंशीच्या दशकात भिलाईच्या हजेरीपटावर साठ हजारांच्या आसपास माणसं होती. आज त्याच्या निम्म्याहूनही खूप खाली. कुणी कुणाला हाकललं नाही. बाप निवृत्त झाला, त्याच्या जागी भरती झाली नाही. मग व्हीआरएस आली, क्वार्टरं भाडेपट्ट्यानं दिली गेली. मुलं हुशार निघाली, कारण बीएसपीच्या, म्हणजे प्लांटच्या, शाळा चांगल्या होत्या, आणि चांगल्या शाळांनीच त्यांना पुणे, हैदराबाद, न्यू जर्सीची वाट दाखवली. आई-वडील आधी नेहरूनगरला घर बांधून राहिले, मग गुडघे दुखू लागल्यावर पोरांकडे गेले. आता काही क्वार्टरांच्या भिंतीतून पिंपळ फुटलाय. गणपती बसतो, पण आरतीला ‘घालीन लोटांगण’पर्यंत पोचणारे कमी, आणि त्यांतले बरेच खुर्चीवर.

इथवर लिहून थांबलो असतो तर ते भिलाईतल्या कुठल्याही पेन्शनरचं हळवं पत्र झालं असतं. पण या शोकाला दुसरी बाजू आहे आणि ती आमच्या सोयीची नाही.

शहर रिकाम्या माळावर वसलं नव्हतं. तिथे गावं होती, धानाची शेतं होती, तळी होती. भरपाई मिळाली ती तुटपुंजी. इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासून इथे वर्षानुवर्षं राहून अभ्यास केला. त्यांचं जाडजूड पुस्तक २०२० मध्ये आलं. बांधकामाच्या दिवसांत गावोगाव पसरलेल्या अफवा त्यांनी नोंदवल्या आहेत, की या यंत्रांना नरबळी लागतो. सुशिक्षित सेक्टरवाले त्यावर हसत. मला हसू येत नाही. ९ ऑक्टोबर २०१८ ला कोक ओव्हनच्या गॅसवाहिनीला आग लागून दहाहून अधिक कर्मचारी गेले, तेव्हा ती अफवा म्हणजे अडाणीपणा होता असं म्हणायची हिंमत कुणाची आहे?

आधी प्लांटच्या नावानं बिचकणाऱ्या गावकऱ्यांना नोकरीची किंमत कळली तोवर रांग लांबली होती. मग तेच काम, तीच धूळ, तीच भट्टी. एकाला परमनंटचा बिल्ला, दुसऱ्याला ठेकेदाराची रोजी. आमचा ‘मिनी इंडिया’ खरा होता, पण तो परमनंटांचा होता. ठेका मजुराला त्या नकाशावर सेक्टर नव्हता. त्याच्यासाठी कोक ओव्हनमध्ये काम केलेला एक बंगाली माणूस उभा राहिला, शंकर गुहा नियोगी. दल्ली-राजहराच्या खाणमजुरांनी त्याच्या संघटनेतून १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून शहीद हॉस्पिटल उभारलं. भिलाईच्या खासगी कारखान्यांतल्या मजुरांची लढाई त्यानं हाती घेतली तेव्हा २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे, हुडको वसाहतीतल्या घरात झोपेत, त्याला गोळी घातली गेली. १ जुलै १९९२ ला त्याचे मजूर पॉवर हाउस स्टेशनच्या रुळांवर बसले आणि पोलिसांनी गोळीबार केला. पंधराहून अधिक मेले. देशाच्या रेल्वेला अनेक दशकं रूळ पुरवले ते भिलाईनंच. मजूर मरून पडले ते रूळही बहुधा इथलेच. खुनाच्या खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली. ज्या उद्योगपतींवर कटाचा आरोप होता ते निर्दोष सुटले.

रुळांवर गोळीबार झाला त्या दिवशी सेक्टरांतले आम्ही काय करत होतो? बहुतेक बारावीचे क्लास. स्टेशन तसं जवळच होतं. घरांतून कुजबुज झाली, संध्याकाळी दूध आलं का याची चौकशी झाली, बी शिफ्टची माणसं सायकली काढून गेली. म्हणून माझ्या मते भिलाई ओसरू लागली ती भरती थांबल्यावर नव्हे. आपल्या ओळीत कोण बसतं आणि कोण नाही, हे आम्ही त्या संध्याकाळी ठरवून टाकलं. पुढे ती ओळ आपसूक आखूड होत गेली आणि शेवटी तिच्यात आम्हीही मावलो नाही.

पहिल्या पिढीतले आता नव्वदीच्या घरात आहेत. नागपूर, पुणे, ठाण्याच्या कितीतरी फ्लॅटांत एखादे आजोबा बसलेले असतील, ज्यांनी रशियन इंजिनिअरबरोबर खाणाखुणांनी काम केलं, पहिलं ओतकाम पाहिलं. त्यांच्याजवळ बसा, फोनवर आवाज टिपून घ्या, उशीर करू नका. फक्त क्वार्टरच्या आणि गणपतीच्या गोष्टी ऐकून उठू नका. घरी भांडी घासायला येणारी बाई कुठल्या गावची होती आणि त्या गावाची जमीन कुठे गेली, तेही विचारा.