डाव्या दाराची बिजागरी

मोडक्या वस्तूंच्या बाबतीत घरात दोन पक्ष असतात. एक 'टाकून द्या' म्हणणारा, दुसरा 'असू द्या' म्हणणारा. 'दुरुस्त करू या' म्हणणारा तिसरा पक्ष बहुधा एकाच माणसाचा असतो आणि त्याला कोणी विशेष मान देत नाही. आमच्या घरी गेली तीस वर्षे हा पक्ष मी एकटा चालवीत आहे.

यंदाच्या आषाढात स्वयंपाकघरातल्या फडताळाचे डावे दार वरच्या बिजागरीतून निखळले. वडिलांनी १९५६ साली दादरला बिऱ्हाड थाटले तेव्हा करून घेतलेले हे फडताळ, अस्सल सागवान. सुताराला बोलावले. त्याने दार एकदा हलवले आणि म्हणाला, "काका, ह्यात हात घालण्यात अर्थ नाही. प्लायवूडचं नवं करून देतो." सौ.ला ते पटले. चिरंजीवांनी तर मोबाईलवर रंगसुद्धा निवडून ठेवला.

आई काहीच बोलली नाही. ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे. काचबिंदूने तिची दृष्टी हळूहळू विझत गेली. आता खिडकीचा उजेड तेवढा कळतो. अशी गेलेली दृष्टी परत येत नाही, हे डॉक्टरांनी आम्हांला स्वच्छ सांगितले आहे. तरी पहाटे पाचला उठून आपला चहा ती आपणच करते. डाव्या दाराची कडी, आत दुसरा कप्पा, त्याच्या चौकटीला एक खाच. खाचेवर अंगठा टेकवून हात पसरला की करंगळीला साखरेचा डबा लागतो, त्यामागे चहाचा. गॅस पेटवताना सौ. मागे चोरपावलांनी येऊन उभी राहते. हे आईला ठाऊक नाही अशी सौ.ची समजूत आहे.

दार निखळल्यावर ते काढून भिंतीशी ठेवले होते आणि डबे ओट्यावर मांडले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे आईची हाक आली, "अरे, मला जरा चहा करून देतोस का?" असे तिने पूर्वी कधी विचारले नव्हते. त्या एका हाकेने माझ्या पक्षाला बहुमत मिळाले.

पाहिले तर लाकडाचा दोष नव्हताच. बिजागऱ्या पितळेच्या; पण मध्यंतरी कोणी तरी त्यांना लोखंडी स्क्रू मारले होते. ते समुद्राच्या हवेने आणि स्वयंपाकाच्या वाफेने गंजले आणि भोवतालच्या लाकडाचा भुगा झाला. अशा भोकात आणखी जाड स्क्रू कोंबणे ही आपल्याकडची लाडकी युक्ती; तिने चौकट चिरते. मी भोक चोख करून त्यात सागवानाचीच खुंटी फेविकॉल लावून ठोकली. सागवान जात्याच तेलकट, म्हणून ते आधी स्पिरिटने पुसावे लागते, नाही तर चिकटत नाही. रात्रभर वाळू दिल्यावर खुंटीत बारीक भोक पाडले. पितळी स्क्रू मऊ; जोर केला की डोके तुटून हातात येते. त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी फिरवून वाट करून घ्यावी आणि मग पितळी स्क्रूला साबण चोळून तो बसवावा.

दाराची चौकटही कोपऱ्यात खिळखिळी झाली होती. फेविकॉल बाजारात आला १९५९ साली. हे काम त्याआधीचे, म्हणजे सरसाने जोडलेले. सरस पाण्याने आणि उष्णतेने सुटतो. हा त्याचा दोष म्हणतात, मला तो त्या दिवशी गुण वाटला. गरम पाण्यात पिळलेले फडके सांध्यावर धरले आणि कुसू न मोडता अलगद बाहेर आले. भुश्याच्या फळ्यांच्या आजच्या कपाटांना ही सोय नाही. ती एकदा पाणी पिऊन फुगली की फुगली.

दार बसवून पाहिले तर बाजूला घासत होते. शेजारच्यांनी सल्ला दिला, "रंधा मारून टाका." पण लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगते (लांबीत जवळजवळ नाहीच) आणि थंडीत आटते. आषाढात रंधलेल्या दाराला पौषात फट पडते आणि झुरळांचा राजमार्ग खुला होतो. मी रंधा उचलला नाही.

खरवडलेल्या जागा भरायला लांबीचा डबा उघडला, तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. वासावरून तिला कळले असावे.

"ती खाच भरू नकोस हं."

"पडली कशी गं ही?"

"तुझ्या बाबांचा कोयता. नारळ सोलत होते म्हणे! त्या दिवशी चतुर्थी होती आणि मोदक राहिले बाजूला."

खाचेभोवती पॉलिशपेपरसुद्धा लावला नाही. डबे जिथल्या तिथे ठेवायला मात्र आईलाच बसवले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला कडीचा आवाज झाला, मग झाकणाचा. सौ.ची पावले तेवढी ऐकू आली नाहीत. उजाडल्यावर आईने तक्रार केली, "कडी फार घट्ट केलीस." कडीला मेणबत्ती चोळून दिली. उजव्या दाराची बिजागरीही आता कुरकुरू लागली आहे. पण फराळाचे डबे सगळे त्याच बाजूला असल्यामुळे ते काम भाऊबीजेनंतर काढायचे ठरले आहे.